गुलाबी रणगाडा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. हा लेख जळगावच्या माणसावर आहे म्हटल्यावर तुम्ही भरीत, केळी आणि सोन्याची वाट बघत असाल, तर यातलं काही येणार नाही. रणगाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पिळदार मिशीचा रिटायर फौजी आला असेल, तर तो आहे, पण तो माझा आजोबा आणि हा लेख त्याच्यावर नाही. ज्याच्यावर आहे तो माणूस दिवाळीत कानात कापूस घालून बसायचा. आणि तिसरं म्हणजे, असल्या लेखात शेवटी कळतं की तो माणूस किती थोर होता आणि लिहिणाऱ्याचा त्याच्यावर किती जीव होता. माझा नव्हता. मी त्याच्यावर सव्वा वर्ष जळलो, ओल्या लाकडासारखा, नुसता धूर करत.

तो जळगावला कवळ्या बनवायचा. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, ते माप एसटीच्या पार्सलनं याच्याकडे जातं, हा प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर दात बसवतो आणि परत पाठवतो. म्हणजे निम्म्या खान्देशाच्या तोंडात याचं काम, पण याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मूळचा सावद्याचा, पन्नाशीचा, काडीसारखा बारीक, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मेण कोरायची सुरी. आमच्या घरी त्याला दातवाले भाऊ म्हणायचे आणि सगळे अहो-जाहो करायचे. मी इथं 'तो' म्हणतोय, तेवढं मला करू द्या.

आमच्या घरात तो आला नानांमुळे. नाना म्हणजे माझे आजोबा. गाव पिंपळनेरकडचं, पण फौजेतून सुटल्यावर धुळ्यात देवपूरला घर बांधलं. वडील सुरतला नोकरीला, त्यामुळे घरात नाना, आई आणि मी. नानांनी इथल्या डॉक्टरकडून कवळी करून घेतली आणि तीन वेळा परत पाठवली. टोचते म्हणून एकदा, वाजते म्हणून एकदा, आणि तिसऱ्यांदा म्हणाले की ही घातली की मी दुसऱ्याच कोणाच्या तोंडानं बोलतो असं वाटतं. डॉक्टर म्हणे हात जोडून बसले. चौथ्या वेळी कवळी आली ती बनवणाऱ्यासकट. एरंडोल-पारोळ्याचे सगळे गतिरोधक खात अडीच तास बसून आलेला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "जे तोंड माझं काम तीनदा परत करतं, ते मला पाहायचं होतं."

मग त्यानं खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, नानांना खायला लावले, आणि स्वतः डोळे मिटून नानांच्या गालाला कान लावून बसला. दोन मिनिटं घरात नुसता कुरूम-कुरूम आवाज. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडात ओढणी कोंबून उभी, मी तिला बघत होतो आणि ती मला. मग तो डोळे न उघडता म्हणाला, "उजवीकडून तिसरा खोटं बोलतो." पिशवीतून छोटं मशीन काढलं, त्या दाताला जरासं घासलं, कवळी परत बसवली आणि विचारलं, "टोचतं का कुठे?"

आमचे नाना, ज्यांना उन्हाळ्यात पंखाही टोचतो, ते म्हणाले, "नही."

त्या दिवशी तो गेला असता तर माझ्याकडे एक झकास नक्कल शिल्लक राहिली असती आणि गोष्ट संपली असती. पण हात धुवायला जाताना त्याला भिंतीवरचा फोटो दिसला. काळा-पांढरा, रणगाड्यावर बसलेली तीन तरुण पोरं. तो ओल्या हातानं तिथंच थांबला. म्हणाला, "टी-पंचावन्न. नाना, यातले तुम्ही कुठले?"

नाना म्हणाले, "वरना नही. खालना. भोकमातला."

आणि खरंच, वरती तिघं बसले होते त्यांच्या खाली, रणगाड्याच्या पुढच्या अंगाला एक भोक, आणि त्यातून अर्धं डोकं वर आलेलं. ते नाना. ड्रायव्हर. मी वीस वर्षं त्या फोटोखाली अभ्यास केला, म्हणजे पुस्तक उघडून बसलो, आणि मला वाटायचं की नाना फोटो काढणारे. मी कधी विचारलंच नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर एकाहत्तरच्या लढाईचं दोनदा विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "गाडी चालाडी आनि घर ऊनू." गाडी चालवली आणि घरी आलो. एवढंच. एवढ्यावर मी गप्प बसलो. हा नाही बसला.

त्यानंतर दर रविवारी पहिल्या गाडीनं तो हजर.

आता रविवार हा माझा वार होता हे तुम्हाला कळायला हवं. रविवारी सकाळी नाना ओट्यावर बसायचे आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. पण वेगवेगळ्या आवाजांत. बाजारभाव आमच्या गल्लीतल्या भाजीवालीच्या आवाजात, राजकारण आमच्या प्राचार्यांच्या आवाजात, निधनवार्ता क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. नाना हसून हसून कवळी काढून हातात घ्यायचे. मी त्यांचा टीव्ही होतो. कॉलेजच्या गॅदरिंगला मला टाळ्या पडायच्या, पण नानांनी कवळी काढून ठेवणं ही वेगळीच टाळी होती. दातवाले भाऊ यायला लागले आणि पेपर घडी घालून कोपऱ्यात गेला. वर ही अशी कवळी बसवलेली, की कितीही हसले तरी काढायची गरज नाही.

तो रणगाडा बनवत होता. जळगावात, दुकानामागच्या खोलीत, सहा वर्षांपासून. एकदा नानांनी मला तो फोटो देऊन त्याच्याकडे पाठवलं, तेव्हा मी पाहिला. खोलीत शिरलो तर चारी भिंतींच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असतं तिथं, नावाची चिठ्ठी. अख्खं जळगाव मला हसतंय असं वाटलं. आणि मध्ये टेबलावर रणगाडा, हातभर लांब, आणि गुलाबी.

गुलाबी म्हणजे हिरडीचा गुलाबी. कवळीची जी गुलाबी पावडर असते, ती औषधात कालवून साच्यात घालायची आणि शिजवायची, तीच वापरून त्यानं सगळा रणगाडा केला होता. बुरुज गुलाबी, चाकं गुलाबी, तोफ गुलाबी. चेनच्या कड्या एकेक सुट्ट्या ओतलेल्या, एका बाजूला नव्वद, आणि प्रत्येक कडी हलणारी. मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. त्या कड्या हातात घेतल्या तर खरोखर चेनसारख्या वळत होत्या. मी म्हटलं, रणगाडाच का, विमान का नाही? तर म्हणे, विमान पत्र्याचं असतं, याचा बुरुज ओतीव असतो, म्हणजे आपल्याच धंद्याचा. मग थोडा वेळ घासत बसला आणि आपणहून म्हणाला, "मी जे करतो ते दुसऱ्याच्या तोंडात जातं. कवळीवर कोणी बनवणाऱ्याचं नाव घालत नाही. एक वस्तू तरी माझ्याजवळ राहू दे."

त्याचं माप सोळाला एक. खरा रणगाडा याच्या सोळापट. त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट सोळानं भागायची सवय लागली होती. आईनं भाकरी वाढली की तो म्हणायचा, दीड सेंटिमीटर. नाना साडेदहा सेंटिमीटर. मला एकदा वरून खाली बघून म्हणाला, अकरा, पण वाकून उभा राहतोस म्हणून पावणेअकरा. आईला हे सगळं फार आवडायचं. ती शेवभाजीचा पहिला डाव त्याच्या ताटात घालायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची, "हातात कला असली म्हणजे माणूस कसा शांत असतो." माझी कला घशात होती, त्यामुळे मी शांत नव्हतो.

नाना भेटेपर्यंत तो 'एक' टी-पंचावन्न बनवत होता. नाना भेटल्यावर त्याला 'तो' टी-पंचावन्न हवा झाला. नानांचा. आणि तोही कुठल्या तरी दिवशीचा नाही, तर एका ठरावीक सकाळचा, ज्या सकाळी यांची गाडी पहिल्यांदा सीमेपलीकडे गेली. त्या सकाळी पुढचा मडगार्ड वाकलेला होता का? कुठल्या बाजूनं? मागे ओंडका बांधलेला असतो, वाळूत रुतलं तर चाकाखाली घालायला, तो कुठल्या झाडाचा होता? नाना म्हणाले बाभळीचा. पुढच्या रविवारी हा बाभळीची काडी घेऊन हजर, म्हणे साल अशीच होती का, की सोललेली? एकदा नाना बोलता बोलता म्हणाले की उजवी चेन सैल झाली होती म्हणून आदल्या दिवशी एक कडी काढली होती. झालं. यानं उजवीकडची एक कडी काढली. नव्वद आणि एकोणनव्वद. कोण मोजणार होतं? मी विचारलं तसं. तो म्हणाला, "नाना मोजतील." आणि नाना असे हसले की जणू त्यांना पदक मिळालं.

गाडी चालवली आणि घरी आलो म्हणणारा माणूस तीन-तीन तास बोलायला लागला होता. कुणाशी, तर त्याच्याशी. मी चहा नेऊन द्यायचो.

मी माझ्या पद्धतीनं बदला घ्यायचं ठरवलं, म्हणजे त्याची नक्कल करायची. आणि इथं माझी पहिल्यांदा फजिती झाली. मला दोन मिनिटांत कुणीही जमतं, पण हा जमेना. त्याच्यात जास्तीचं काही नव्हतंच, आणि नक्कल जास्तीच्याच जिवावर चालते. तरी एका रविवारी नानांच्या आणि आईच्या समोर, त्याच्याच समोर, मी 'टोचतं का कुठे' करून दाखवलं. कुणी हसलं नाही. तो मात्र लक्ष देऊन बघत होता. म्हणाला, "माझा खालचा जबडा चार मिलिमीटर मागे आहे. तू पुढे ठेवतोस. मागे घे आणि बोल."

मी मागे घेतला आणि बोललो. आणि त्याचा आवाज माझ्या तोंडातून असा निघाला की मीच दचकलो. नानांनी मांडीवर थाप मारली. मग तो म्हणाला, नानांचा काढ. मी काढला. तो म्हणाला, जीभ टाळूला लावू नको, नानांची जीभ तिथं जात नाही, तिथं माझ्या कवळीची प्लेट आहे. मी तसं केलं. आई स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "काय पाहिजे, नाना?"

तुम्हाला वाटेल मी खूश झालो असेन. मी आतून पेटलो. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट मला त्याच्यापेक्षा बरी येत होती, आणि तीही त्यानं मला शिकवली.

आता डब्याचं. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. एका रविवारी नानांनी त्याला सांगितलं की त्या लढाईत मोठी पंचाईत होती. तिकडच्यांचे रणगाडे चिनी, आपले रशियन, आणि दोन्ही एकाच साच्यातले. धुळीत लांबून बघितलं तर आपला कुठला आणि त्यांचा कुठला, कळायचंच नाही. म्हणून आपल्या फौजेनं काय केलं, तर आपल्या रणगाड्यांच्या तोफेच्या नळीला बरोबर मध्यावर एक खोटा डबा बसवला. आत काही नाही, रिकामा, नुसता ओळखायला. नाना म्हणाले, "जेना डबा नही, तो आपला नही. आपलाच मानूस गोळा टाकी देस." त्यांच्या गाडीवरच्या डब्याचे क्लँप आवळायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं होतं. रोज पहाटे नळीवर चढून डबा दोन्ही हातांनी हलवून बघायचे. वरचे तिघं हसायचे. हे रोज चढायचे. म्हणाले, चौघांचा जीव त्या रिकाम्या डब्यात होता, आणि डबा माझ्या हातात.

हे मी दाराआडून ऐकलं. माझे आजोबा, माझ्याच घरात, आणि मी दाराआडून.

तीन-चार महिन्यांनी एका बुधवारी दुपारी नाना केस कापायला गेले होते आणि फोन घरी चार्जिंगला होता. वाजला. बटणांचा फोन, त्यावर नाव, दातवाले भाऊ. घरात मी एकटा. मी उचलला आणि, खरं सांगतो, काही ठरवलेलं नव्हतं, जीभ आपोआप टाळूपासून खाली आली. नानांच्या आवाजात म्हणालो, "बोल भो."

रणगाडा संपत आला होता. रंग झाला होता, आता डबा तेवढा चिकटवायचा होता. त्यानं विचारलं की क्लँपचे बोल्ट वरच्या बाजूला यायचे की खालच्या.

मी म्हणालो, "त्या सकायले डबा नव्हताच. झाडले घासाईसन पडी गया व्हता."

इथं मी फोन ठेवायला हवा होता. पण नक्कल करणाऱ्याला टाळी मिळाली नाही की तो एक वाक्य जास्त बोलतो. मी म्हणालो, "कोनले सांगू नको."

तो म्हणाला, "नाही सांगणार, नाना. तुम्ही मला सांगितलं, हेच खूप झालं." त्याचा आवाज असा झाला होता की मला तो नंतरही काढता आला नाही.

फोन ठेवल्यावर मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आलेल्या कॉलची नोंद पुसून टाकली, एक चहा केला, आणि कप अर्धा होईपर्यंत आनंद टिकला. माझा हिशोब सरळ होता. तो डब्याशिवाय रणगाडा आणणार, नाना म्हणणार हे काय केलंस, आणि इतक्या महिन्यांच्या अचूकपणाचा फुगा फुस्स होणार. नाना मानणार नाहीत, तो गोंधळणार, आणि माझा रविवार मला परत मिळणार. यात एक गोष्ट मी धरलीच नव्हती, की तो नानांवर विश्वास ठेवील, आणि नाना त्याच्यावर.

रविवारी तो केळीच्या खोक्यात रणगाडा घालून, अडीच तास मांडीवर धरून घेऊन आला. खोकं उघडलं. गुलाबीचा मागमूस नव्हता. हिरवा, वर धुळीचा पातळ थर, बाभळीचा ओंडका, वाकलेला मडगार्ड, आणि पुढच्या भोकातून वर आलेलं अर्धं डोकं, हरभऱ्याएवढं. आई खरंच रडली. नाना खाली मांडी घालून बसले आणि त्याच्याभोवती बोट फिरवत गेले. उजवीकडच्या कड्या मोजल्या. एकोणनव्वद. हसले. मग बोट नळीवर आलं, मध्यापर्यंत गेलं आणि थांबलं.

"टोचतं का कुठे, नाना?" त्यानं विचारलं.

"डबा?"

तो आईकडे बघून अडखळला. हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगितलं ना नाना, बुधवारी. फोनवर."

नाना म्हणाले, "मी?"

त्याला वाटलं, नानांना घरच्यांसमोर नको आहे. तो घाईघाईनं म्हणाला, जाऊ द्या, जाऊ द्या, मी कुणाला बोललो नाही, बोलणार नाही, पन्नास वर्षं झाली त्याला. आणि तो जितकं समजून घेत होता, तितका नानांचा चेहरा उतरत होता. कारण हा माणूस खोटं बोलत नाही हे नानांना पक्कं माहीत होतं. बाभळीच्या सालीसाठी रविवार घालवणारा माणूस असलं मनाचं कसं सांगेल? मग राहिलं काय? मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो.

नळीवरचं बोट तसंच ठेवून नाना म्हणाले, "मीच सांगेल व्हई." म्हणजे, मीच सांगितलं असेल.

तो रणगाडा आमच्याकडेच ठेवून गेला. नानांसाठीच आणला होता. एकच वस्तू आपल्याजवळ राहू दे म्हणणारा माणूस तीही देऊन गेला.

पुढचे आठ दिवस मला हवं होतं तसंच झालं. त्याचा फोन आला तर नाना आईला म्हणायचे, सांग झोपलेत. पुढच्या रविवारी तो येतो म्हणाला, तर नको म्हणून निरोप गेला. ओट्यावर नाना एकटे. मी पेपर घेऊन बसलो, भाजीवालीच्या आवाजात बाजारभाव वाचले. नाना समोर बघत होते आणि त्यांचा उजवा हात हवेत काहीतरी आवळत होता. आवळायचे, थांबायचे, परत आवळायचे. एक दिवस आईला विचारलं, मी अलीकडे विसरतो का गं. आई बिचारी खरं बोलली, म्हणाली, हो, मागच्या महिन्यात चहाचा गॅस तसाच ठेवला होता तुम्ही. नानांनी मान हलवली, जशी पुराव्यावर हलवतात तशी. दोन दिवसांनी नळ चालू राहिला. तो मी ठेवला होता, पण नानांनी तोही स्वतःच्या खात्यात घेतला. मला कळत होतं की त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी फिरतायत. एक तर त्या सकाळी डबा खरंच पडला होता, आणि मी चौघांना तसाच घेऊन गेलो. नाहीतर नव्हता पडला, आणि माझं डोकं गेलं. दोन्हींतलं कुठलंही खरं धरलं तरी नाना हरत होते, आणि तिसरं जे खरं होतं ते माझ्या तोंडात होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि त्यांच्या लुनाची चावी माझ्या हातावर ठेवली. ती लुना म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा. मला पाच वर्षांत तिला हात लावू दिला नव्हता. म्हणाले, "आते तू चालाड. मना मनावर भरोसा नही." माझाच माझ्यावर भरवसा नाही.

मी चावी घेऊन गच्चीवर गेलो आणि जळगावला फोन लावला. माझ्या आवाजात सगळं सांगितलं. त्यानं विश्वासच ठेवला नाही. म्हणाला, तू नानांना वाचवायला बघतोयस, चांगला मुलगा आहेस. हे ऐकून घेणं फार जड गेलं. मग मी जीभ खाली आणली आणि नानांच्या आवाजात तीच दोन वाक्यं परत म्हणालो.

तो म्हणाला, "प्लेटची जागा बरोबर सोडलीस." आणि लगेच, "निघतोय. मी येईपर्यंत त्यांना सांगून टाक."

मी सांगितलं नाही. अडीच तास होते, मी अडीच तास अंघोळ केली म्हणा. तो आला, दारातूनच माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. तो खुर्ची ओढून बसला आणि वाट बघत राहिला. आईनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून. मग मी बोललो. उभ्यानंच, सगळं, बुधवारपासून लुनाच्या चावीपर्यंत.

नाना उठले, आणि आधी कुणावर धावून गेले असतील? त्याच्यावर. म्हणाले, तू एवढा शिकलेला, बारीक नजरेचा, एवढे महिने मला विचारून विचारून भंडावलंस, ओंडक्याचं झाड विचारलंस, आणि डब्याचं एका फोनवर मानलंस? "मी डबा ढिला सोडनारा मानूस वाटनू का रे तुले?" भिंतीपलीकडच्यांना ऐकू गेलं असेल. त्याच्या बापापासून जळगावच्या पाण्यापर्यंत सगळं काढलं. तो खाली मान घालून, चुकलं नाना, चुकलं नाना, एवढंच म्हणत होता, आणि मला दिसत होतं की त्याच्या चेहऱ्यावर सुख मावत नाहीये. नानांचा आवाज परत आला होता. आणि मी तिथं कोपऱ्यात उभा राहून, माझ्याच पापाची शिवीगाळ त्याला मिळतेय म्हणून, शपथ सांगतो, त्यावरही जळत होतो.

मग नाना माझ्याकडे वळले. आवाज खाली आला, इतका की मला एक पाऊल पुढे जावं लागलं.

म्हणाले, "मना आवाज तू चोरा, त्यानं काही नही. मी म्हतारा शे, माले कोनी बी फसाडी. पन आठ दिन मी येडा व्हई ऱ्हायनू आनि तू देखी ऱ्हायना. रोज मनासमोर बसीसन भाकर खाधी तू. दोन-दोन खाध्या. तुना गळाखाल उतरनी कशी रे ती?"